धाकट्या जावेचा हात

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा ती मला मुळीच आवडली नव्हती. हसायची मोठ्यानं, चालायची धावत, आणि गल्लीतून काही गेलं की हातातलं काम टाकून बघायला पळायची. ती कोंढव्याकडची. दिवसाकाठी एखादी बैलगाडी बघितलेली पोर, आणि इथे आमच्या कसब्यात सकाळपासून घोडे, मेणे, भोई, गोसावी, सगळी जत्राच. "अगं, पुणं कुठे पळून चाललेलं नाही, भाकरी मात्र करपतेय," असं मी रोज म्हणायचे आणि ती रोज "आले, जाऊबाई" म्हणून आणखी थोडा वेळ दारातच उभी राहायची. घरात आम्ही दोघीच बायका. सासूबाई मी आल्यावर लवकरच गेल्या होत्या, त्यामुळे हिला धाक लावायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि ते मी मन लावून करत होते.

आमचं घर हाडवैद्याचं. पुढे तालीम, मागे दोन खोल्या आणि एक पडवी. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तालमीचे वस्ताद होते. पोरं कुस्ती खेळताना खांदे निखळवून घ्यायची, मनगटं मोडून घ्यायची, ती बसवता बसवता मामंजींचा हात त्यात तयार झाला आणि मग पेठेतली सगळीच मोडतोड आमच्या पडवीत यायला लागली. कुणी माडीवरून पडलेला, कुणाला घोड्यानं लाथ मारलेली, कुणी भावाशी भांडून भिंतीवर बुक्की मारलेला. मामंजींच्या मागे हे काम आमचे धनी करू लागले.

पण बायकांच्या हाडाला परक्या पुरुषाचा हात कसा लागणार? मोडका हात पदराखाली धरून बाया जन्मभर तो वाकडाच वागवायच्या. त्यावर मामंजींनीच हयातीत तोड काढली होती. पडवीत एक जाड पडदा लावला. पडद्याच्या आत मी आणि ती बाई, बाहेर धनी. ते विचारायचे, "बोटाला काय लागतंय?" मी सांगायचे, "टोक लागतंय. वरचं खालच्यावर चढलंय." "मग आधी ताण. घाई नको. खालून अंगठा दे." हात माझे आणि डोकं त्यांचं, अशी आमची वैदकी चालायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही एकमेकांशी सगळ्यात जास्त बोललो असू ते त्या पडद्यातूनच, आणि तेही दुसऱ्यांच्या हाडांबद्दल. मला ते फार आवडायचं. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज इतका शांत यायचा. एरवी जेवताना मीठ मागायचं तरी ते नुसतं ताटाकडे बोट दाखवायचे.

मला हाडं शिकवली मामंजींनी, एरंडाच्या काड्यांवर. काडी मोडून फडक्यात गुंडाळायचे आणि म्हणायचे, चाचप आणि सांग कशी मोडलीय. ओली काडी एका अंगानं तुटते आणि दुसऱ्या अंगानं नुसती वाकते. लहान पोरांचं हाड तसं मोडतं. ते लवकर सांधतं, रडारड मात्र फार. वाळकी काडी काटकन आडवी तुटते, ती आडवी मोड. पिळून मोडली तर बोरूच्या टोकासारखी तिरकी तुटते. या तिरक्या मोडीची टोकं एकमेकांवरून घसरतात आणि बसवली तरी पुन्हा घसरायला बघतात. कधी काडी तुटतच नाही, केसाएवढी चीर जाते. वरून काही दिसत नाही, पण चाचपताना अंगठा नेमका त्या जागी आला की माणूस कळवळतो. आणि दगडाखाली ठेचली की चुरा. तोफेच्या गाड्याचं चाक पायावरून गेलेली माणसं यायची, त्यांचं तसं असायचं. हाड कातडी फाडून बाहेर आलं असलं तर मामंजी आधी हात जोडायचे, कारण तिथे आमचा इलाज थोडा.

सांधतं कसं तेही त्यांनी सांगितलं होतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, सूज येते. सूज उतरते तसं आत चिकासारखं काहीतरी दोन्ही टोकांना धरून बसतं. ते हळूहळू घट्ट होतं आणि बोटाला गाठ लागायला लागते. गाठ लागली की समजायचं, हाडानं मनावर घेतलं. पुढे ती कडक होते आणि मग कितीतरी महिन्यांनी झिजत झिजत जाते. "हाड आपलं आपण सांधतं," मामंजी म्हणायचे, "आपण टोकाला टोक लावून द्यायचं, बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि त्याला त्रास द्यायचा नाही." ऐकायला सोपं आहे. हाडाला त्रास न देणारा माणूस मात्र मला अजून भेटायचाय. कुणाला देवदर्शनाला जायचं असतं, कुणाला नुसतं कामट्यांच्या आत काय चाललंय ते बघायचं असतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कर्नाटकात स्वारी निघाली आणि घरातले दोन्ही पुरुष तिच्याबरोबर गेले. दीर पथकात होते, धन्यांना हाडवैद्य म्हणून नेलं होतं. निघताना धनी मला म्हणाले, "बायकांचं तू बघशीलच."

"आणि अडलं तर कुणाला विचारू?"

"मलाच विचार. जरा मोठ्यानं विचार."

असली चेष्टा ते वर्षातून एखाद्या वेळी करायचे. मी म्हटलं, कर्नाटकापर्यंत ऐकू जाईल एवढा माझा आवाज आहे, हे तुम्ही जाणताच. ते हसले आणि पिशवी खांद्याला लावून गेले.

जावेचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम एक पावसाळा झाला होता. हातात अजून लग्नातला हिरवा चुडा, एकही बांगडी वाढली नव्हती. (बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत.) स्वारी गेल्यापासून तिचं दारात उभं राहणं आणखी वाढलं. सांडणीस्वाराच्या घुंगरांचा आवाज आला की ती चुलीवरचं दूधसुद्धा टाकून पळायची. "अगं, ती पत्रं शनिवारवाड्यात जातात, आपल्या चुलीपाशी येत नाहीत," मी म्हणायचे. ती म्हणायची, "पत्र कशाला पाहिजे, जाऊबाई? सांडणीवाल्याच्या तोंडावरून कळतं की."

रंगपंचमी होऊन गेली होती. मी पलीकडच्या आळीत एका पोराचा हात बांधायला गेले होते. हडपसरच्या वाटेनं सांडणी आल्याची हाकाटी झाली आणि त्या स्वाराचं तोंड लांबूनच दिसावं म्हणून ही बया तालमीच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर चढली. शिडी सटकली. पडताना तिनं उजवा हात टेकला.

त्या दिवशी मला यातलं काही कळलंच नाही. संध्याकाळी ती म्हणाली, डोकं दुखतंय, जेवत नाही, आणि अंगभर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. बोलली नाही, हसली नाही. मी मनात म्हटलं, चला, आज घरात शांतता आहे. सकाळी बघते तर डाव्या हातानं भाकरी थापतेय. डाव्या हातानं भाकरी थापणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. जवळ जाऊन पदर ओढला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजून निळा पडला होता आणि त्या सुजेत हिरवा चुडा रुतून बसला होता.

"कधी मोडला?"

"मोडला नाही, मुरगळलाय."

"मला शिकवतेस?"

मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "सांगितलं असतं तर तुम्ही बांगड्या काढायला लावल्या असत्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

काढाव्याच लागतात. मोडका हात सुजत जातो, काच काही वाढत नाही. ती आत रुतते, पुढचं रक्त अडतं, बोटं काळी पडतात आणि मग हाताची आशा सोडावी लागते. हे तिला माहीत होतं, आमच्या पडवीत तिनं ऐकलं होतं. पण सवाष्णीचं मनगट रिकामं होतं ते एकाच वेळी. कासार नव्या बांगड्या भरायला येतो तेव्हासुद्धा एखादी जुनी हातात राहू देतो आणि नवी चढली की मगच ती काढतो. आणि हिचा नवरा लढाईवर. "हात गेला तर जाऊ दे, ते येऊ देत," ती म्हणाली. मला असा संताप आला! "आल्यावर त्याला वाढशील कशानं? पायानं?" मी ओरडले. पण खरं सांगायचं तर त्या ओरडण्यात अर्धी भीतीच होती. माझे धनीही तिथेच होते. मला कुणी बांगड्या उतरव म्हटलं असतं तर मीसुद्धा हात मागे घेतला असता.

मी तिची बोटं दाबून बघितली. गार लागली. नखांत निळी झाक आली होती. आजचा दिवस गेला असता तर उद्या माझ्या हातात काही उरलं नसतं. मी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कासारकाकांना बोलावून घेतलं.

कासारकाका आले, बसले, हात बघितला आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले, "वाढवाव्या लागतील." जावेनं हात छातीशी ओढला. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "पण मी वाढवणार नाही, पोरी. माझा धंदा हात भरायचा. रिकामा करायला मला कुणी बोलवू नये."

"मग पान खायला आलात का?" मी म्हटलं.

त्यांनी राग मानला नाही. मग मी विचारलं, "काढून खाली ठेवायच्या नाहीत, एवढंच ना? दुसऱ्या सवाष्णीच्या हातात गेल्या तर?"

कासारकाकांनी पान थुंकलं आणि सरळ बसले. "या हातातून त्या हातात? मधे कुठे टेकल्या नाहीत, तर उतरल्या असं कोण म्हणेल? मी आपला थोरल्या वहिनींचा हात भरला. रोजचंच काम."

आम्ही दोघांनी जावेकडे बघितलं. तिनं बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही जपाल?"

मी, जिनं पाट्यावर, विहिरीवर, गोठ्यात किती बांगड्या वाढवल्या त्याचा हिशेब नाही, म्हटलं, "जपीन."

दुपारपर्यंत तिचा हात वर टांगून ठेवला, गार पाण्याच्या पट्ट्या घातल्या, तेव्हा पंजाची सूज थोडी उतरली. मग रिठ्याचा फेस करून हाताला लावला. ती आणि मी समोरासमोर बसलो. तिचा उजवा पंजा आणि माझा डावा पंजा बोटांच्या टोकांना टोकं लावून धरले. कासारकाका तिचा अंगठा आत दाबून एकेक बांगडी पुढे आणायचे, ती तिच्या बोटांवरून माझ्या बोटांवर सरकायची आणि मग माझ्या पंजावरून वर चढायची. तिला किती दुखत असेल ते मला हाताला कळत होतं, पण तिनं आपली बोटं माझ्या बोटांपासून तसूभर हलू दिली नाहीत. डोळे त्या सांध्यावर खिळवून बसली होती, बांगडी मधेच कुठे लोंबकळू नये म्हणून. माझा हात तिच्यापेक्षा थोराड. "वहिनी, हात आहे की मुसळ?" काका घाम पुसत म्हणाले. माझी साल निघाली, पण सगळ्या चढल्या. माझ्या स्वतःच्या होत्याच, त्यात या. हात कोपरापर्यंत भरला. मग रीतीप्रमाणे मी कासाराला सुपारी देऊन नमस्कार केला आणि त्यांनी आम्हा दोघींना अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला.

आता हाड. काकांनाच तिचा दंड धरायला बसवलं, कारण बायकांचा हात धरायची मुभा असलेला परका पुरुष एकच, कासार. मी मनगटापाशी धरलं आणि बोटांनी वर वर चाचपत गेले. सवयीनं मोठ्यानं बोलायला लागले, "दोन्ही नळ्या मोडल्यात. तिरकी मोड. टोकं चढलीत एकमेकांवर." पडद्याकडून काही आलं नाही. पडदा त्या दिवशी बांधून वर ठेवला होता, पलीकडे नुसती भिंत.

"कुणाशी बोलताय, जाऊबाई?"

"गप्प पड."

मग मी स्वतःलाच म्हटलं, आधी ताण, घाई नको, खालून अंगठा दे. ताणत राहिले. तिरक्या मोडीला धीर लागतो, दमून मधेच सोडलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. जाऊ दातांत पदर धरून होती. बऱ्याच वेळानं माझ्या अंगठ्याखाली आत काहीतरी सरकलं आणि बसलं. हे कुणाला सांगून कळत नाही. आंबेहळद, मैदालकडी आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून लेप दिला, धोतराचं फडकं गुंडाळलं, वर कामट्या बांधल्या. दिवेलागणीला मी तिची बोटं पुन्हा दाबून बघितली. कोमट लागली. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि पोटभर रडून घेतलं.

पुढचे दिवस मला अजून आठवतात ते त्या पोरीच्या केसांमुळे. लांबसडक आणि दाट. एका हातानं तिला वेणी घालता येईना, लुगडं नेसता येईना. मी नेसवायचे, वेणी घालायचे, कांडवेलीची चटणी आणि नाचणीची भाकरी कालवून घास भरवायचे. कांडवेलीनं जीभ खाजते म्हणून ती तोंड फिरवायची. मी म्हणायचे, हाडाला तोंड नाही म्हणून तुझ्या तोंडानं खायचं, गुमान आ कर. ती आ करायची आणि घास गिळायच्या आधीच बोलायला लागायची. वेणी घालताना बोलायची, निजताना बोलायची. गावाकडच्या म्हशी, तिची आई, दीर लग्नात कसे अडखळले. मला वाटायचं, हिच्या तोंडाला कामट्या बांधायला हव्यात. आणि एके दिवशी ती दुपारी जरा झोपली तर मला घर खायला उठलं.

सकाळी उठल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे माझा डावा हात ओढून घेऊन त्यातल्या तिच्या बांगड्यांवरून बोट फिरवणं. मग त्या मनगटाला हळदकुंकू लावायची. माझ्या मनगटाला. मी किती जपत होते ते मलाच नवल वाटायचं. पाणी शेंदताना उजव्या हातावर भार घ्यायचे, वाटण उजव्या हातानं, निजताना डावा हात छातीवर. दूधवाली म्हणाली, "वहिनी, घरात लग्न काढलंय का?" मी म्हटलं, तुझ्या दुधात पाणी किती ते मोजायला एकेक घातलीय.

चैत्र संपला, वैशाखाचं ऊन तापलं आणि कामट्या सोडायची वेळ आली. आतून निघाला तो हात वाळक्या फांदीएवढा बारीक, कातडीचे पापुद्रे सुटलेले. पण सरळ. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. गाठ होती, दोन्ही नळ्यांवर, कडक आणि सारखी. तिला म्हटलं, "धरलंय."

हाड धरलं होतं, पण हातात जोर नव्हता. मूठ मिटायची नाही. पेला धरायला गेली की निसटायचा. मी तिला कणकेचा गोळा दिला, दाबत बस म्हटलं. ओलं फडकं दिलं, पिळ म्हटलं. ती पिळायची आणि फडक्यातून थेंबसुद्धा पडायचा नाही. "हा हात आता असाच राहणार," म्हणून ती एकदा गोळा फेकून बसली. मी म्हटलं, "हाडाचं काम हाडानं केलं, आता हाताला त्याचं काम शिकायला वेळ लागेल, तुला भाकरी यायला किती लागला?" ती हसली आणि गोळा उचलून आणला. मी बांगड्या परत घे म्हटलं. तिनं मान हलवली. "आता ते आल्यावरच. तोवर तुमच्याच हातात बऱ्या आहेत."

ज्येष्ठ लागला आणि पथकं हडपसरच्या माळावर येऊन उतरल्याचं कळलं. जावेनं पहाटे न्हाऊन घेतलं. मीही ठेवणीतलं लुगडं नेसले, उगाच का लपवू. तिच्या नवऱ्याला आवडतं म्हणून तिनं पुरण घाटायला घेतलं. डाव्या हातानं.

दीर दुपारी आले. एकटेच. घरात आले नाहीत, पडवीच्या पायरीखाली उभे राहिले. खांद्याला धन्यांची पिशवी होती. मला वाटलं, मागून येत असतील, वाटेत कुणी पाय दाखवायला अडवलं असेल, हे नेहमीचंच. "ते कुठे राहिले?" मी विचारलं. दिरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली, कोपरापर्यंत भरलेल्या. त्यांनी मान खाली घातली आणि वर केलीच नाही.

छावणीत ताप आला होता, ते म्हणाले. पुष्कळ माणसं गेली. धनी शेवटच्या दिवशी शुद्धीवर होते तोवर एका शिपायाच्या मांडीच्या कामट्या कुणी लवकर सोडू नका, एवढंच सांगत होते.

मी पायरीवर बसले. आळीतल्या बायका कधी जमल्या ते मला कळलं नाही. त्यांना जे करायचं असतं ते करायला त्या आल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही. कुणीतरी माझ्यापुढे पाटा ओढला आणि माझा डावा हात धरला. तेव्हा जाऊ गर्दीतून आत घुसली. "थांबा," ती म्हणाली. इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "तिथे माझ्या आहेत."

ती माझ्यासमोर बसली आणि तिनं आपली बोटं माझ्या बोटांना लावली. या वेळी कासार लागला नाही, रिठाही लागला नाही. तिचा हात एवढा वाळला होता की बांगड्या नुसत्या सरकत गेल्या. सरकवताना तिचे डोळे गळत होते. "माझं तुमच्यावर आलं, जाऊबाई," ती म्हणाली. "माझ्या तुम्ही घातल्यात म्हणून."

मला त्याही वेळी राग आला. बरं झालं आला, त्यानं माझा आवाज फुटला. "काच आहे ती," मी म्हटलं. "तिच्यानं कुणाला राखवत नाही आणि कुणाला नेववतही नाही. राखता आलं असतं तर माझ्या हातात काय कमी होत्या?"

तिनं शेवटची बांगडी चढवून घेतली. माझ्या बांगड्यांचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही.

मग आंघोळीला उठायचं होतं. बायका म्हणाल्या, ऊठ. मी उठते म्हटलं आणि तशीच बसून राहिले. जावेनं माझ्यापुढे हात केला. उजवा. ती जवळ वाकली आणि तिनं माझं मनगट धरलं. बोटं पुरती मिटली, मला ती मिटलेली जाणवली. त्या हाडावर अजून गाठ होती, माणसाचं वजन घ्यायला आणखी बरेच दिवस जायला हवे होते, आणि मला दुसरं काही सुचेना, मी म्हटलं, "अगं, त्या हातावर भार घेऊ नकोस."

"द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "धरतोय तो."

मी भार दिला आणि उठले.